'रिव्होल्ट'ला सर्बियन भाषेत काय म्हणतात?

इंग्रजी-सर्बियन शब्दकोशात 'रिव्होल्ट' हा शब्द काढला, तर त्याच्यासमोर साधारणपणे चार शब्द ओळीने मांडलेले दिसतात: बुना, पोबुना, उस्तानाक आणि बुंत. मधले स्वल्पविराम पाहून वाचकाचा असा समज होतो की हे चारही शब्द एकाच तोलाचे आहेत आणि त्यांतला कोणताही उचलला तरी काम भागेल. प्रत्यक्षात तसे केले, तर एका राष्ट्राच्या जन्माची कथा सांगताना आपण एखाद्या हट्टी पोराच्या आडमुठेपणाचा शब्द वापरून बसतो, किंवा युद्धनौकेवरच्या खलाशांना शेतकऱ्यांच्या पंक्तीत नेऊन बसवतो. कोण उठले, कोणाविरुद्ध उठले, कुठे उठले आणि शेवटी त्याचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे सर्बियन भाषेत शब्दाच्या निवडीतच दडलेली असतात. शिवाय 'रेवोल्त' नावाचा पाचवा शब्दही त्या भाषेत आहे. तो दिसायला हुबेहूब इंग्रजीसारखा आहे आणि नेमका म्हणूनच सर्वांत फसवा आहे.

उच्चारांविषयी एक खुलासा आधी करतो. सर्बियन भाषा सिरिलिक आणि लॅटिन अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. एकोणिसाव्या शतकात वुक काराजिच या भाषासुधारकाने 'जसे बोलता तसे लिहा' हे तत्त्व तिथे रुजवले, त्यामुळे एका अक्षराचा एकच उच्चार होतो आणि हे शब्द देवनागरीत आणताना फारशी ओढाताण होत नाही. 'त' आणि 'द' दंत्यच आहेत. मात्र 'उस्तानाक'मधले दोन्ही 'आ' आपल्याइतके लांबवायचे नाहीत.

आता मूळ इंग्रजी शब्दाकडे वळू. 'रिव्होल्ट' हा शब्द लॅटिनमधल्या 'रेव्होल्व्हेरे' या क्रियापदापासून, इटालियन आणि फ्रेंच अशी मजल दरमजल करत इंग्रजीत आला. त्या क्रियापदाचा अर्थ मागे फिरवणे, उलटे गुंडाळणे असा होतो. 'रिव्होल्यूशन' आणि 'रिव्हॉल्व्हर' हे त्याचेच भाऊबंद आहेत. 'रिबेलियन' हा शब्द मात्र वेगळ्या घरातला आहे. लॅटिनमध्ये 'बेल्लुम' म्हणजे युद्ध. जे एकदा जिंकले गेले त्यांनी पुन्हा युद्ध पुकारणे, हा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे 'रिबेलियन'मध्ये जेत्याची नजर आहे, तर 'रिव्होल्ट'मध्ये फक्त एक शारीरिक हालचाल आहे: पाठ फिरवणे. या हालचालीमुळेच 'रिव्होल्ट'ला दोन फाटे फुटले. माणूस सत्तेकडे पाठ फिरवतो तेव्हा ते बंड होते, आणि एखादी ओंगळ वस्तू पाहून पोट फिरते तेव्हा ती किळस होते. 'रिव्होल्टिंग' हे विशेषण इंग्रज माणूस बंडखोर सैनिकांना लावतो आणि नासक्या जेवणालाही लावतो, आणि त्यावर विनोदही करतो.

मराठीत हे दोन अर्थ एका शब्दात नांदत नाहीत. बंडाला बंड आणि शिसारीला शिसारी, असा आपला स्वच्छ व्यवहार आहे, जरी 'पोटात ढवळून आले' या प्रयोगात फिरण्याची तीच कल्पना आहे. सर्बियन भाषेतही दोन शब्द लागतात. किळसवाण्या गोष्टीला तिथे 'ओद्व्रातान' म्हणतात. या शब्दाची फोड मोठी बोलकी आहे: 'ओद' म्हणजे पासून, आणि 'व्रातिती' म्हणजे परत फिरवणे. ज्याच्यापासून तोंड फिरवावेसे वाटते ते ओद्व्रातान. लॅटिनमधली फिरण्याची कल्पना इथे स्लाव्ह शब्दांनी जशीच्या तशी पुन्हा घडवलेली आहे. मराठी वाचकाला यात आणखी एक धागा सापडेल. 'व्रातिती' आणि 'व्र्तेती' (गरगर फिरणे) या सर्बियन क्रियापदांचे मूळ आणि संस्कृतातल्या 'वृत्' धातूचे मूळ एकच आहे. 'आवर्तन', 'परिवर्तन', 'निवृत्त' हे आपले रोजचे शब्द त्याच धातूचे. सत्तापालटाला सर्बियन भाषेत 'प्रेव्रात' म्हणतात, तोही याच कुळातला, आणि त्याच्याकडे पुढे यायचेच आहे.

फसवा शब्द आधी बाजूला करू. सर्बियन 'रेवोल्त' हा पश्चिम युरोपातून आलेला उसना शब्द आहे, पण रोजच्या वापरात त्याचा अर्थ बंड असा होत नाही. संताप, तीव्र नाराजी, चीड हा त्याचा अर्थ. वीज महागली म्हणून नागरिकांमध्ये 'रेवोल्त' पसरला, असे तिथले वर्तमानपत्र लिहील. पण त्यातून कोणी शस्त्र उचलले असा अर्थ कोणीही घेणार नाही. 'रेवोल्तिरान' माणूस म्हणजे भडकलेला, अपमानामुळे पेटलेला माणूस. तो फार तर टेबलावर मूठ आपटेल. इंग्रजीतला 'शेतकऱ्यांचा रिव्होल्ट' हा मजकूर कोणी 'रेवोल्त' असा उतरवला, तर सर्बियन वाचकासमोर बंडाऐवजी तक्रारींचा मोर्चा उभा राहतो.

हा फरक स्पष्ट करणारे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांच्या १९५१ सालच्या निबंधग्रंथाच्या मूळ शीर्षकात 'रेव्होल्ते' हे विशेषण आहे, आणि इंग्रजीत ते पुस्तक 'द रेबेल' या नावाने निघाले. सर्बियन भाषांतरात त्याचे नाव 'पोबुन्येनी चोवेक' असे झाले, म्हणजे बंड करून उठलेला माणूस. तिथे 'रेवोल्तिरान' शब्द घातला असता, तर संपूर्ण तत्त्वज्ञान एका चिडक्या गृहस्थाची कैफियत होऊन बसले असते. याउलट जेम्स डीनचा १९५५ सालचा चित्रपट, ज्याच्या इंग्रजी नावात तोच 'रेबेल' शब्द आहे, तो सर्बियन भाषेत 'बुंतोव्निक बेझ राझ्लोगा' झाला: कारणाविना बंडखोर. इंग्रजीत एकच शब्द, पण सर्बियन भाषेने दोन माणसे वेगळी ओळखली. 'पोबुन्येन' माणूस विशिष्ट वेळी, विशिष्ट गोष्टीविरुद्ध उठलेला असतो. 'बुंतोव्निक' मात्र स्वभावानेच बंडखोर असतो, आणि त्याला उठायला कारण लागतेच असे नाही.

'बुंत' या शब्दाविषयी एवढेच पुरे की तो कृतीपेक्षा वृत्तीचा शब्द आहे. तरुणाईचा बुंत, कलावंताचा बुंत, असा तो येतो. रशियन आणि पोलिश भाषांतही तो आहे, आणि व्युत्पत्तिकार त्याचा माग जर्मन 'बुंड' या शब्दापर्यंत, म्हणजे एकत्र बांधलेल्या संघापर्यंत, नेतात. आपल्या 'बंड'शी त्याचे नाते जोडण्याचा मोह मराठी माणसाला होणे साहजिक आहे, परंतु केवळ आवाज जुळतो म्हणून सोयरीक जुळवणे भाषाशास्त्रात धोक्याचे असते.

खरी सोयरीक पाहायची असेल, तर ती 'उस्तानाक' या शब्दाशी आहे. हा शब्द 'उस्ताती' या क्रियापदापासून बनला आहे आणि त्या क्रियापदाचा अर्थ आहे उठणे, उभे राहणे. सकाळी अंथरुणातून उठायलाही हेच क्रियापद आणि जुलमी सत्तेविरुद्ध उठायलाही हेच. त्यातले मूळ 'स्ताती' म्हणजे उभे राहणे, आणि ते संस्कृत 'स्था' धातूचे सख्खे भावंड आहे. आपले 'उठणे' संस्कृतातल्या 'उत्' अधिक 'स्था' यापासून प्राकृतातून आले, आणि त्यापासून 'उठाव' झाला. म्हणजे 'उठाव' आणि 'उस्तानाक' हे दोन शब्द हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांची खबरही नसताना, एकाच मुळावर आणि एकाच कल्पनेवर घडले: वर उभे राहणे. तुर्की भाषेचे कूळ निराळे आहे, पण तिच्यातही उठावाला 'आयाक्लान्मा' म्हणतात आणि 'आयाक' म्हणजे पाय. दबलेला माणूस पायांवर उभा राहतो ही कल्पना तिलाही सुचलीच. व्याकरणातही एक ओळखीची खूण आहे. 'उस्तानाक'ला विभक्तीचा प्रत्यय लागताच मधला 'आ' गळतो आणि 'उस्तान्का' असे रूप होते, जसे आपल्या 'कापूस'चे 'कापसाचा' होताना 'ऊ' आखडतो. म्हणून उठावाचा दिवस म्हणजे 'दान उस्तान्का'. साम्य इथवरच आहे, हेही सांगायला हवे: 'यंदा कांद्याला उठाव नाही' हे वाक्य 'उस्तानाक' घालून भाषांतरित केले, तर बेलग्रेडचा व्यापारी चक्रावून जाईल.

'उस्तानाक' आणि 'बुना' यांतला फरक समजण्यासाठी १८०४ सालच्या सर्बियात जावे लागते, कारण तिथे एकाच घटनेने आपले नाव बदलले. त्या वेळी बेलग्रेडचा प्रांत उस्मानी (ऑटोमन तुर्क) साम्राज्यात होता, पण सुलतानाचा हुकूम तिथे चालत नव्हता. जानिसारी या सुलतानाच्या खास पायदळातल्या, 'दाहिये' म्हणवणाऱ्या चार म्होरक्यांनी १८०१ मध्ये सुलतानाचा वजीर हाजी मुस्तफा पाशा याला ठार करून प्रांत आपसांत वाटून घेतला होता. हा पाशा सर्ब प्रजेशी बऱ्यापैकी वागणारा होता, त्यामुळे त्याच्या जाण्याने लोकांचा आधारच गेला. पुढे प्रजा उठेल या भीतीने दाहियांनी १८०४ च्या सुरुवातीला गावोगावच्या सर्ब पुढाऱ्यांची मुंडकी उडवली. सर्बियन इतिहासात या घटनेला 'सेचा क्नेझोवा' म्हणतात, म्हणजे पुढाऱ्यांची कत्तल. ज्या उठावाला रोखण्यासाठी हे केले तोच त्यातून भडकला. फेब्रुवारीत ओराशाट्स या गावाच्या घळीत लोक जमले आणि त्यांनी जॉर्जे पेत्रोविच नावाच्या जनावरांच्या व्यापाऱ्याला नेता निवडले. त्यालाच 'काराजॉर्जे', म्हणजे काळा जॉर्ज, म्हणतात. तो दिवस स्रेतेन्ये या सणाचा होता, आणि १५ फेब्रुवारी हा आजही सर्बियाचा राष्ट्रीय दिवस आहे.

आरंभी हे लोक सुलतानाविरुद्ध उठलेच नव्हते, निदान ते तसे सांगत नव्हते. आम्ही बादशहाचे इमानी प्रजाजन आहोत, आमचे भांडण फक्त त्याचा हुकूम न मानणाऱ्या दाहियांशी आहे, अशी त्यांची मांडणी होती. या टप्प्याला 'बुना' हा शब्द नेमका बसतो: राज्याच्या चौकटीत राहून, विशिष्ट जुलमी माणसांविरुद्ध केलेली धामधूम. या घटनेवरचे सर्वांत प्रसिद्ध गाणे फिलिप विश्न्यिच या अंध लोककवीचे आहे. गुस्ले या तंतुवाद्यावर तो ते गात असे, आणि वुक काराजिचने १८१५ मध्ये त्याच्याकडून ते उतरवून घेतले. त्या गाण्याचे छापील नाव 'दाहियांविरुद्धच्या बुनेचा आरंभ' असे आहे. पण गाण्याच्या पोटात शिरले की वेगळेच क्रियापद भेटते. जमिनीतून गवत उगवावे तशी 'राया' उठली, अशी त्यातली ओळ आहे, आणि 'उठली' यासाठी तिथे 'उस्ता' हे रूप आहे, म्हणजे 'उस्ताती'चेच. शीर्षकात बुना आणि पोटात उस्तानाक! आणि 'राया' म्हणजे कोण? उस्मानी राज्यात कर भरणाऱ्या सामान्य प्रजेला जो अरबी शब्द वापरत तोच हा, आणि तोच फारसीतून आपल्याकडे येऊन 'रयत' झाला. 'रयत गवतासारखी उठली' असे मराठीत म्हटले, तर त्या ओळीतले नाम आणि क्रियापद दोन्ही मूळ शब्दांच्या नातेवाइकांनीच भाषांतरित होतात. अशी संधी भाषांतरकाराला क्वचित मिळते.

१८०५ मध्ये सुलतानाने स्वतःचे सैन्य सर्बांवर पाठवले आणि इवान्कोवाट्स येथे सर्बांनी ते मागे रेटले. त्या दिवसापासून 'आमचे भांडण फक्त दाहियांशी' ही भाषा टिकणे शक्य नव्हते. १८०६ मध्ये मिशारची लढाई जिंकली, १८०७ च्या आरंभी बेलग्रेडचा किल्लाही हाती आला, आणि जे बुना म्हणून सुरू झाले ते परकीय राजवट झुगारण्याचे युद्ध बनले. आज पाठ्यपुस्तकात त्याचे नाव 'प्र्वी स्र्प्स्की उस्तानाक', पहिला सर्ब उठाव, असे आहे. जर्मन इतिहासकार लिओपोल्ड रांके याने १८२९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिताना आणखी मोठा शब्द निवडला आणि त्याला 'सर्बियन क्रांती' म्हटले. बुना, उस्तानाक, रेवोलुत्सिया: घटना तीच, पण तिच्याकडे पाहणारा जितका मागे सरकला आणि तिचे फलित जितके स्पष्ट झाले तितका शब्द मोठा होत गेला.

पुढची नावे पाहिली की ही निवड योगायोगाची नव्हती हे कळते. १८१३ मध्ये पहिला उठाव चिरडला गेला आणि काराजॉर्जे ऑस्ट्रियाच्या हद्दीत निघून गेला. १८१४ मध्ये हाजी प्रोदान याने पुन्हा प्रयत्न केला, तो काही आठवड्यांत फसला, आणि त्याचे नाव 'हाजी-प्रोदानोवा बुना' असेच राहिले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, मिलोश ओब्रेनोविचने ताकोवो गावी निशाण उभारले, ते यशस्वी झाले, आणि त्याला 'द्रुगी स्र्प्स्की उस्तानाक', दुसरा उठाव, असा मान मिळाला. शत्रू तोच, कारण तेच, माणसेही बरीचशी तीच. तरी फसलेला तो बुना आणि जिंकलेला तो उस्तानाक. इतिहासाने क्रमांक लावताना हाजी प्रोदानला सरळ गाळले आणि १८१५ ला 'तिसरा' न म्हणता 'दुसरा' म्हटले, ही गोष्ट मला शब्दकोशातल्या कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक बोलकी वाटते.

मिलोश स्वतः सत्तेवर आल्यावर त्याच्याविरुद्ध लोक उठले, तेव्हा मात्र 'उस्तानाक' हा शब्द कोणालाच मिळाला नाही. १८२५ मध्ये करांचा बोजा आणि अधिकाऱ्यांचा जाच असह्य होऊन शेतकरी उठले, ती 'जाकोवा बुना'. १८३५ मध्ये मिलेता रादोय्कोविच आणि इतर मातब्बरांनी मिलोशच्या एकतंत्री कारभाराविरुद्ध माणसे जमवली, ती 'मिलेतिना बुना'. तिच्या दडपणाखाली मिलोशला राज्यघटना द्यावी लागली, म्हणजे ती एका अर्थाने यशस्वी झाली, तरीही ती बुनाच. १८८३ मध्ये राजा मिलानच्या सरकारने कायमचे सैन्य उभारून गावकऱ्यांकडच्या जुन्या बंदुका जमा करायला घेतल्या, तेव्हा पूर्वेकडच्या तिमोक खोऱ्यातल्या गावांनी बंदुका द्यायला नकार दिला. त्या बंडालाही 'तिमोच्का बुना' म्हणतात. ती मोडली तेव्हा पुढे पंतप्रधान झालेला निकोला पाशिच बल्गेरियात पळाला आणि त्याला गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला. म्हणजे आपल्याच राजाविरुद्ध उठणे ही बुना, परक्याविरुद्ध उठणे हा उस्तानाक, असा ढोबळ संकेत धरता येतो. पहिल्या महायुद्धात बल्गेरियन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन ताब्याखालच्या तोप्लित्सा भागात १९१७ मध्ये लोक उठले आणि काही आठवड्यांत चिरडले गेले, पण शत्रू परका होता म्हणून तो 'तोप्लिच्की उस्तानाक' ठरला. हाजी प्रोदानला जे मिळाले नाही ते तोप्लित्सातल्या शेतकऱ्यांना मिळाले. संकेत असा कधी पाळला जातो, कधी मोडतो.

'बुना' शब्दाला ही दुय्यम जागा का मिळाली याचे एक कारण त्याच्या घरच्या माणसांत सापडते. 'झ्बुनिती' म्हणजे गोंधळवणे, आणि 'झ्बुन्येन' म्हणजे गोंधळलेला. 'बुनिती से' म्हणजे हरकत घेणे, कुरकुरणे. ताटातली भाजी नको म्हणणाऱ्या पोराला आई 'ने बुनी से' म्हणते, त्याचा अर्थ 'बंड करू नकोस' असा नसून 'कुरकुर करू नकोस' एवढाच असतो. 'उस्तानाक' ताठ उभ्या राहिलेल्या माणसाचा शब्द आहे, तर 'बुना' ढवळलेल्या, गलबल्याने भरलेल्या चौकाचा. मराठीतल्या 'बंडाळी' या शब्दात हीच गलबल्याची छटा आहे.

उस्तानाकच्या घरातही एक काळा अध्याय आहे, आणि तो माहीत नसलेला भाषांतरकार भयंकर चूक करू शकतो. 'उस्ताती'पासूनच 'उस्ताशा' हा शब्द झाला. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८७५ च्या हर्झेगोविनातल्या उठावाच्या वेळी, त्याचा साधा अर्थ 'उठाव करणारा' असा होता. पण १९३० च्या सुमारास आंते पावेलिच याच्या क्रोएशियन फॅसिस्ट संघटनेने हे नाव घेतले, आणि १९४१ ते १९४५ या काळात नाझींच्या आश्रयाने तिने जे राज्य चालवले त्यात सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची यासेनोवाट्ससारख्या छावण्यांत कत्तल झाली. तेव्हापासून हा शब्द उठावासाठी वापरणे अशक्य झाले. २७ जुलै १९४१ रोजी बोस्नियातल्या द्र्वार भागात सर्ब शेतकरी याच उस्ताशांविरुद्ध उठले, आणि त्या उठणाऱ्यांचे नाव 'उस्तानिक'. मारणारे आणि त्यांच्याविरुद्ध उठणारे यांची नावे एकाच धातूची. एकाच 'उठण्या'ची इतकी टोकाची दोन रूपे दुसऱ्या एखाद्या भाषेत असतील असे वाटत नाही.

चौथा शब्द 'पोबुना'. तो बुनाचाच, पुढे 'पो' हा उपसर्ग लागून झालेला. आज सर्वसाधारण बंडासाठी हाच सर्वांत जास्त वापरात आहे, पण त्याची खरी जागा शिस्तीच्या चौकटीत आहे: जहाजावर, पलटणीत, तुरुंगात. इंग्रजी 'म्युटिनी'ला सर्बियन भाषेत 'पोबुना'च म्हणतात. १ फेब्रुवारी १९१८ रोजी अ‍ॅड्रियाटिकच्या किनाऱ्यावर, कोतोरच्या आखातात, ऑस्ट्रो-हंगेरियन नौदलाच्या खलाशांनी 'सांक्ट गेओर्ग' या नौकेपासून सुरुवात करून लाल निशाणे चढवली आणि युद्ध थांबवण्याची मागणी केली. तीन दिवसांत ते मोडले गेले आणि ११ फेब्रुवारीला फ्रांतिशेक राश या चेक खलाशासह चौघांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढे समाजवादी युगोस्लाव्हियाने त्यांना हुतात्मे मानले, तरी घटनेचे नाव 'खलाशांची पोबुना' हेच राहिले. शब्द बदलून त्यांचा मान वाढवण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण 'पोबुना' हा शब्द दोष देत नाही. उठणारे हुकमाच्या साखळीत होते, एवढेच तो सांगतो.

इथे मुंबईची आठवण येणे अपरिहार्य आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदल तळावर खलाशांनी जे केले, त्याला इंग्रजांनी 'म्युटिनी' म्हटले आणि मराठीत 'नाविकांचे बंड' हे नाव रूढ झाले. पण त्यांच्याविषयी आदराने लिहिणाऱ्याला पुष्कळदा 'बंड' सोडून 'उठाव' म्हणावेसे वाटते. सर्बियन भाषेत मात्र पोबुना हा शब्द अभिमानाने म्हणता येतो. मराठी 'बंड'वर गेल्या काही दशकांत निवडणुकीतल्या बंडखोरांनी आणखी एक थर चढवला आहे, आणि तिकीट नाकारलेले 'बंडोबा' अर्ज मागे घेताच 'थंडोबा' होतात, या विनोदाने तो शब्द हलका होत चालला आहे.

क्रियापदांकडे पाहिल्याशिवाय हे भाषांतर पूर्ण होत नाही. सर्बियन भाषेत उठाव 'उभारतात' किंवा 'उचलतात', तो वणव्यासारखा 'भडकतो', आणि सत्ता तो 'उगुशिती' करते, म्हणजे गुदमरवते. आपण बंड मोडतो, चिरडतो, शमवतो. तिथे त्याचा श्वास कोंडतात. सगळेच लोक उठले हे सांगायला एक ग्रामीण वाक्प्रचार आहे: 'कुका इ मोतिका' उठली, म्हणजे आकडा आणि कुदळ उठली. बंदूक नसलेल्या शेतकऱ्याच्या हाती जे अवजार आले ते घेऊन तो निघाला, असे चित्र त्यात आहे. इंग्रजी मजकुरात 'सगळा देश रिव्होल्ट करून उठला' असे वाक्य आले, तर शब्दकोशातल्या चारही शब्दांपेक्षा हा वाक्प्रचार अधिक चपखल ठरेल.

राजवाड्यात किंवा राजधानीत घडणाऱ्या उलथापालथीला वरचा कोणताही शब्द लागत नाही. तिथे 'प्रेव्रात' येतो, तोच 'वृत्' धातूच्या कुळातला, म्हणजे उलटवणे. जून १९०३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजा अलेक्सांदर ओब्रेनोविच आणि राणी द्रागा यांना राजवाड्यात ठार केले, तो 'माय्स्की प्रेव्रात'. जुन्या पंचांगाप्रमाणे तेव्हा मे महिना होता. ५ ऑक्टोबर २००० रोजी निवडणुकीचा निकाल नाकारणाऱ्या राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविचला बेलग्रेडच्या रस्त्यांवर उतरलेल्या गर्दीने सत्ता सोडायला लावले, त्या दिवसाला मात्र अजून एक नाव मिळालेले नाही. त्याला 'क्रांती' म्हणणारे आहेत, नुसते 'बदल' म्हणणारे आहेत, आणि मिलोशेविचचे समर्थक त्याला 'प्रेव्रात' किंवा 'पुच', म्हणजे बळाने सत्ता बळकावणे, म्हणतात. त्यात पुढे असलेल्या विद्यार्थी संघटनेने तर बुना, पोबुना, उस्तानाक हे सारे बाजूला ठेवून 'ओत्पोर', म्हणजे प्रतिकार, असे नाव घेतले होते.

आता उलट दिशेने एक कसोटी लावून पाहू. १८५७ विषयीचे मराठी लेखन कोणी सर्बियन भाषेत न्यायला बसला, तर त्याने कोणता शब्द घ्यावा? इंग्रजांच्या लष्करी कागदांतल्या 'म्युटिनी'साठी 'पोबुना' बिनधोक आहे, कारण सुरुवात पलटणीत झाली. सावरकरांच्या 'स्वातंत्र्यसमर'साठी 'उस्तानाक'ही अपुरा पडेल, कारण समर म्हणजे युद्ध. तिथे सरळ 'रात', म्हणजे युद्ध, हाच शब्द घ्यावा लागेल. पण वरसईहून दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघालेले आणि थेट झाशीच्या वेढ्यात सापडलेले विष्णुभट गोडसे आपल्या प्रवासवर्णनात 'बंड' म्हणतात, तेव्हा त्यात ना इंग्रजांची हेटाळणी आहे ना पुढच्या पिढीचा जयघोष. वाटेत सगळे जग ढवळून निघाले, कोण कोणाच्या बाजूला हे कळेनासे झाले आणि जीव मुठीत धरून पळावे लागले, असा तो अनुभव आहे. त्यांच्या 'बंडा'साठी मी बुनाच निवडेन.